घराचा सौदा का मोडतो? लोधीखेडा–सौंसर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घर विकणे आणि घर घेणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. शेतकरी असो, विणकर असो, शिक्षक असो वा किराणा दुकानदार असो, एवढी मोठी रक्कम तो बहुधा आयुष्यात एकदाच किंवा दोनदाच हाताळतो. असे असूनही बोलणी झालेले कितीतरी सौदे खरेदीखतापर्यंत पोहोचत नाहीत. भाव ठरतो, तोंड गोड केले जाते, इसारही दिला जातो, आणि मग कुठेतरी व्यवहार अडतो. लोक म्हणतात, ‘नशिबात नव्हते’ किंवा ‘समोरचा माणूस शब्दाला जागला नाही’. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. सौदा मोडण्याची कारणे बरीचशी व्यवस्थेत असतात आणि त्या व्यवस्थेला इतिहास आहे. हा इतिहास लोधीखेडा–सौंसर परिसराच्या संदर्भात मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लोधीखेडा हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक सीमाभागाचे छोटे नगर. नागपूर–छिंदवाडा लोहमार्गावर सावनेर आणि सौंसर यांच्या दरम्यान ते येते. एकोणिसाव्या शतकात तांब्या-पितळेची भांडी आणि सुती कापड यांसाठी ते ओळखले जात असे. भोवतालचा प्रदेश कापसाचा आणि संत्र्यांचा. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. बोलीभाषा मराठी, दफ्तराची भाषा हिंदी, बाजार नागपूरचा आणि उच्च न्यायालय जबलपूरचे, अशी या भागाची स्थिती आहे. घराच्या व्यवहाराचा अभ्यास करताना ती सतत लक्षात ठेवावी लागते.

१. पांढरी, मालगुजार आणि घराची जागा

मराठी मुलुखात गावाचे दोन भाग मानले जात: पिकाची ‘काळी’ आणि वस्तीची ‘पांढरी’. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्या रहिवाशांवरील करालाही ‘पांढरी’ हेच नाव होते. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर हे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात सरकारने मालगुजारांना गावाचे मालक म्हणून मान्यता दिली. गावठाणाची म्हणजे ‘आबादी’ची जागाही मालगुजाराच्या मालकीच्या कक्षेत आली. गावच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात नोंदवल्या गेल्या.

याचा घराच्या व्यवहारावर खोल परिणाम झाला. साधारणपणे कास्तकाराला राहण्यासाठी जागा बिनभाड्याची मिळे. परंतु भिंती, लाकूड आणि कवेलू त्याचे व खालची जमीन मालगुजाराची अशी विभागणी असे. गाव सोडून जाणाऱ्याला विकता येत असे ते मुख्यतः घराचे सामान, म्हणजे ‘मलबा’. जागेसह घर दुसऱ्याला द्यायचे तर मालगुजाराची संमती हवी. सौद्यात दोन माणसे बोलत. पण तिसऱ्याच्या होकाराशिवाय तो पुरा होत नसे. मालगुजाराला नवा माणूस गावात नको असेल, किंवा ती जागा त्याला स्वतःच्या माणसासाठी हवी असेल, तर सौदा तिथेच संपे.

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. घरे व त्यांखालील जागा ताब्यात असणाऱ्यांकडे राहिल्या. पुढे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ ने आबादीची स्वतंत्र व्यवस्था लावली. तिसऱ्याचा होकार मागण्याचे कारण उरले नाही. परंतु एक नवी उणीव निर्माण झाली. शेताला खसरा आणि बी-१ चा उतारा मिळतो; आबादीतील जुन्या घराला मात्र बहुतेक वेळा नावाचा असा कागदच नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा ताबा, घरपट्टीची पावती आणि शेजाऱ्यांची साक्ष हाच पुरावा. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. जोपर्यंत खरेदीदार त्याच गावचा आणि रोखीने पैसे देणारा होता तोपर्यंत हे चालून गेले. खरेदीदार बाहेरचा झाला, किंवा तो बँकेच्या कर्जावर अवलंबून राहू लागला, तेव्हा याच उणिवेवर सौदे मोडू लागले.

२. शब्द, बैठक आणि दस्त

सौदा नेमका कोणत्या क्षणी पक्का होतो, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. या बदलातच सौदे मोडण्याच्या इतिहासाची किल्ली आहे.

हनफी फिक्‌हनुसार विक्री ‘इजाब’ (प्रस्ताव) आणि ‘कबूल’ (स्वीकार) यांनी होते आणि दोन्ही एकाच ‘मजलिस’मध्ये, म्हणजे एकाच बैठकीत व्हावे लागतात. बैठक मोडली की प्रस्ताव संपला. ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणून उठलेला माणूस करार मोडत नाही, कारण करार झालेलाच नसतो. उलट बैठकीत कबूल म्हटले की विक्री झाली. न पाहिलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा आणि लपवलेला दोष आढळल्यास व्यवहार रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला असतो. त्यांना अनुक्रमे ‘खियार-ए-रुयत’ आणि ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. मराठी मुलुखातील जुन्या व्यवहारांतही साक्षीदार, भाऊबंद आणि शेजारी यांच्यासमक्ष झालेल्या बोलण्याला मोठे वजन होते. पेशवाईत पुण्यासारख्या शहरात घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालाकडे होत असे. शब्द आणि व्यवहार यांतील अंतर फारच थोडे होते.

ब्रिटिश कायद्याने हे अंतर वाढवले. १८७२ च्या करार कायद्याने बोलण्याला कायदेशीर रूप दिले. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ ने स्पष्ट केले की १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होईल आणि विक्रीचा केवळ करार त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करणार नाही. आजच्या काळात १०० रुपयांत घर मिळत नसल्याने प्रत्येक घराला हा नियम लागू आहे. म्हणजे सौदाचिठ्ठी झाली, इसार दिला, चावी हातात आली, तरी कायद्याच्या दृष्टीने घर अजून विकणाऱ्याचेच. १९२९ मध्ये घातलेल्या कलम ५३-अ ने ताबा घेतलेल्या खरेदीदाराला काही संरक्षण दिले. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी करारही नोंदणीकृत असणे आवश्यक झाले. केवळ मुखत्यारपत्र आणि करार यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठामपणे सांगितले.

थोडक्यात, पूर्वी सौदा एका बैठकीत पुरा होई किंवा होतच नसे. आता शब्द आणि दस्त यांच्यामध्ये काही आठवड्यांचा, कधी वर्षाचा काळ असतो. याच मधल्या काळात भाव बदलतो, वारस उभे राहतात, कर्ज नाकारले जाते, मन फिरते. सौदे मोडण्याचे मुख्य स्थळ हा मधला काळ आहे.

३. इसाराचा प्रश्न

या मधल्या काळावर पूल म्हणून इसार आला. मराठीत इसार किंवा विसार, हिंदीत बयाना, अरबी फिक्‌हच्या भाषेत ‘उर्बून’. खरेदीदाराने माघार घेतली तर इसार बुडतो ही समजूत सर्वत्र आहे. तथापि ती सर्वांनी सारखी मान्य केलेली नाही.

हनफी, मालिकी आणि शाफई परंपरेने उर्बूनचा व्यवहार नामंजूर केला, कारण माघार घेणाऱ्याकडून विकणाऱ्याला काही न देता पैसे मिळतात. हंबली परंपरेने तो मान्य केला. त्यांच्या आधारांपैकी एक प्रसंग घराच्याच सौद्याचा आहे. हजरत उमर यांच्या खिलाफतीत मक्केतील अधिकारी नाफे बिन अब्दुल हारिस यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर कैदखान्यासाठी घेतले. अट अशी की उमर यांना पसंत पडले तर विक्री पक्की, नाही तर सफवान यांना चारशेची ठरलेली रक्कम मिळेल. प्रतिनिधी बोलणी करतो, निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो आणि थांबून राहण्याची किंमत आधीच ठरते, अशी या व्यवहाराची रचना आहे. १९९३ मध्ये इस्लामी परिषद संघटनेच्या फिक्‌ह अकादमीने मुदत निश्चित असेल तर उर्बून वैध ठरवला.

भारतीय न्यायालयांनी वेगळी वाट घेतली. १९२६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने चिरंजीत सिंह प्रकरणात इसाराचे दुहेरी स्वरूप सांगितले: व्यवहार पुरा झाला तर तो किमतीचा भाग, खरेदीदाराच्या चुकीने मोडला तर तो जप्त. परंतु दिलेली प्रत्येक आगाऊ रक्कम इसार असते काय? १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या दिल्लीतील मालमत्तेच्या खटल्यात हा प्रश्न होता. १९४९ मधील करारानुसार किंमत १,१२,५०० रुपये होती. १,००० रुपये इसार आणि पुढे २४,००० रुपये किमतीपैकी दिले गेले होते. सौदा मोडल्यावर विकणाऱ्याने सर्व २५,००० रुपये ठेवून घेण्याचा हक्क सांगितला. न्यायालयाने १,००० रुपयांपुरताच इसार मानला. उरलेली रक्कम आपोआप जप्त होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते, असे ठरले.

आपल्या परिसरात याचे महत्त्व मोठे आहे. सौदाचिठ्ठीवर अनेकदा ‘इसार’ असा एकच शब्द असतो आणि त्याखाली एकदा पन्नास हजार, पुढे दोन लाख, मग आणखी एक लाख असे आकडे चढत जातात. यातला इसार कोणता आणि किमतीचा हप्ता कोणता, हे कोणी लिहीत नाही. सौदा मोडला की विकणारा म्हणतो सगळे बुडाले, घेणारा म्हणतो सगळे परत द्या. भांडण घराचे राहत नाही, कागदावर न लिहिलेल्या एका ओळीचे होते.

४. वारस, बहिणी आणि अज्ञान मुले

सौदा अडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे विकणारा एकटा मालक नसणे. हिंदू एकत्र कुटुंबात पूर्वी कर्त्याच्या सहीवर बरेच व्यवहार होत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मतः सहदायाद झाली आणि तिच्या हक्काचा प्रश्न प्रत्येक जुन्या घराच्या सौद्यात येऊ लागला. मुस्लिम कुटुंबात स्थिती मूळचीच वेगळी आहे. तेथे एकत्र कुटुंबाची मालकी ही कल्पना नाही. मृत्यूच्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा स्वतंत्रपणे ठरतो. १९३७ च्या शरीअत कायद्याने शेतजमीन वगळली, पण घर वगळले नाही.

एक हिशेब पाहू. एक गृहस्थ पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून वारले. घराचे चाळीस हिस्से केले तर पत्नीला आठवा भाग म्हणजे ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ हिस्से येतात. दोघे भाऊ मिळून घर विकू लागले तर त्यांच्या सहीने २८ हिस्सेच जातात. १२ हिस्से, म्हणजे घराचा तीन-दशांश भाग, आई आणि बहिणीकडेच राहतो. खरेदीदार पूर्ण किंमत मोजून सात-दशांश घर घेतो. ‘बहिणीचे लग्नात दिले’ या वाक्याने हा हिशेब बदलत नाही. पालिकेच्या नोंदीत थोरल्या भावाचे एकट्याचे नाव असले तरीही बदलत नाही. खरेदीदाराचा वकील हे दाखवून देतो तेव्हा सौदा थांबतो. आणि विकणाऱ्याला वाटते की ऐनवेळी कुणीतरी कान भरले.

अज्ञान वारस असल्यास प्रश्न आणखी कठीण होतो. १९१८ मध्ये इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलसमोर हाच पेच होता. विधवा आईने आपल्या अज्ञान मुलांच्या हिश्शासह स्थावर मालमत्ता विकली होती. निकाल सय्यद अमीर अली यांनी लिहिला. आईला मुलांच्या संगोपनाचा अधिकार असला तरी त्यांच्या स्थावर मालमत्तेची ती कायदेशीर पालक नाही. तिने केलेली विक्री मुलांवर बंधनकारक नाही, असे त्यात ठरले. अशा वेळी १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. यात महिने जातात. तरुण वयात पती गमावलेल्या स्त्रीला पैशाची निकड असते, खरेदीदार थांबत नाही आणि घर पुन्हा बाजारात येते, तेव्हा भाव उतरलेला असतो. सौदा मोडण्याचा सर्वांत जड भार कोणावर पडतो, हे या उदाहरणातून दिसते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने यात एक स्थानिक गुंतागुंत वाढवली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. नाती मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. घर लोधीखेड्यात, एक भाऊ नागपुरात, बहीण काटोल किंवा वरुडला दिलेली. जो वारस सहीसाठी येऊ शकत नाही त्याने नोंदणीसाठी मुखत्यारपत्र द्यायचे तर ते १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील निबंधकासमोर प्रमाणित करून घ्यावे लागते. सातबाऱ्याची सवय असलेल्या वारसाला खसरा आणि ऋण पुस्तिका परकी वाटते. हिंदी दस्त त्याला समजतो, पण त्यातील कायद्याची भाषा नीट उमगत नाही. संशयाला एवढे कारण पुरते.

५. शेजारी, शुफा आणि सरकार

दोघांच्या सौद्यात तिसऱ्याचा हक्क हा मालगुजारीपुरता मर्यादित विषय नव्हता. ‘शुफा’ म्हणजे अग्रक्रयाधिकाराने सहहिस्सेदाराला, वाट-पाण्याच्या सामायिक हक्कदाराला आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्यालाही त्याच किमतीत घर मागण्याचा अधिकार दिला. हेतू असा की अनोळखी माणूस येऊन शेजारात त्रास होऊ नये. न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी १८८५ मध्ये गोविंद दयाल प्रकरणात अलाहाबाद येथे या हक्काचे स्वरूप विस्ताराने मांडले: शुफादार घर पुन्हा विकत घेत नाही, तो खरेदीदाराच्या जागी उभा राहतो. अट कडक होती. विक्रीची बातमी कळताच मागणी करायची आणि मग साक्षीदारांसमक्ष ती पुन्हा सांगायची. विलंब झाला तर हक्क गेला. लोकांनी पळवाटाही शोधल्या. शेजाऱ्याच्या भिंतीलगतची वीतभर पट्टी विक्रीतून वगळली की शेजारी ‘लगतचा’ राहत नसे.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न मध्य प्रदेशातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मधील भाऊराम विरुद्ध बैजनाथ प्रकरणात रीवा संस्थानच्या अग्रक्रयाधिकार कायद्याचा प्रश्न होता. त्याच निकालात वऱ्हाडच्या जमीन महसूल संहितेतील तरतुदींचाही विचार झाला. केवळ शेजारी असल्याने मिळणारा हक्क मालमत्ता धारण करण्याच्या स्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध ठरला. सहहिस्सेदाराचा हक्क मात्र वाजवी मानला गेला. १९६४ मध्ये संतराम प्रकरणात रूढीने चालत आलेल्या शेजारहक्कालाही हेच तत्त्व लावले गेले.

शेजाऱ्याचा कायदेशीर हक्क गेला तरी त्याची इच्छा गेली नाही. कोणत्या जातीच्या वा धर्माच्या माणसाला घर द्यायचे याबद्दल मोहल्ल्याचा दबाव आजही सौदा मोडू शकतो. अशा वेळी खरे कारण सांगितले जात नाही. ‘घरच्यांचा विचार बदलला’ एवढेच कळवले जाते. मुस्लिम कुटुंबांना पसंतीच्या वस्तीत घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणींची दखल २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने घेतली होती. शुफ्याचा मूळ हेतू शेजार टिकवण्याचा होता. या दबावाचा परिणाम शेजार तोडण्यात होतो.

सरकारनेही एके काळी अग्रक्रयाधिकार वापरला. १ ऑक्टोबर १९८६ पासून आयकर कायद्याच्या प्रकरण २०-सी खाली मोठ्या शहरांत किंमत कमी दाखवलेली मालमत्ता सरकार स्वतः विकत घेऊ शके. ही तरतूद २००२ मध्ये बंद झाली. लहान गावांना ती लागू नव्हती, परंतु तिच्यामागचा रोग सर्वत्र होता. एक भाव कागदावर, एक भाव हातात. ज्या खरेदीदाराला बँकेचे कर्ज घ्यायचे त्याला पूर्ण किंमत दस्तात हवी. विकणाऱ्याला ती कमी हवी. २०१५ च्या दुरुस्तीने घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास मनाई झाली आणि नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीवर उभे असलेले सौदे एका रात्रीत अडकले. भाव ठरलेला असूनही ‘कोणता भाव लिहायचा’ यावर सौदा मोडणे हा या काळाचा विशेष आहे.

६. वेळ आणि भाव

‘दिवाळीनंतर रजिस्ट्री करू’ हे वाक्य या परिसरात नेहमीचे आहे. त्यामागे पिकाचे गणित असते. संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी विकला जातो, मृग बहार उन्हाळ्याच्या सुरुवातीला. कापसाचा पैसा त्याच दरम्यान येतो. शेतकरी खरेदीदार पहिला हप्ता आज आणि उरलेली रक्कम बहाराच्या पैशातून देण्याचे कबूल करतो. गारपीट झाली किंवा भाव पडला की मुदत चुकते. ती चुकल्याने सौदा मोडला काय?

१९१५ मध्ये मुंबईतील जमशेद खोदाराम इराणी यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की जमिनीच्या व्यवहारात लिहिलेली तारीख हाच सामान्यतः कराराचा गाभा नसतो. थोडा विलंब क्षम्य आहे. पण या नियमाला मर्यादा आहेत. चांदराणी विरुद्ध कमलराणी या खटल्यात दिल्लीतील घराचा सौदा १९७१ मध्ये १,७८,००० रुपयांना झाला होता. ३०,००० रुपये इसार, ९८,००० रुपये दहा दिवसांत आणि उरलेले नोंदणीच्या वेळी, असे ठरले. खरेदीदार म्हणाला, आधी कागद आणि ताब्याची पूर्तता करा. विकणारा म्हणाला, आधी पैसे द्या. दहा दिवसांचा हा पेच सर्वोच्च न्यायालयात १९९२ च्या अखेरीस संपला. दहा दिवसांची अट गाभ्याची होती असे ठरले आणि खरेदीदाराला घर मिळाले नाही. अविश्वासाच्या एका प्रश्नात, ‘आधी कोण?’ या प्रश्नात, एकवीस वर्षे गेली. २०११ मध्ये सारदामणी कंदप्पन प्रकरणात न्यायालयाने हेही नोंदवले की भाव झपाट्याने वाढणाऱ्या काळात विलंबाकडे जुन्या सैलपणाने पाहता येणार नाही.

भाववाढीचा अनुभव या परिसरालाही आला. १९९० च्या दशकात बोरगावचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, रेमंडचा कारखाना आला. पुढे नागपूर–छिंदवाडा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. २०१५ मध्ये नॅरोगेज थांबून ब्रॉडगेजचे काम सुरू झाले. अशा प्रत्येक घडामोडीच्या नुसत्या बातमीने भाव हलतो आणि इसार घेतलेल्या विकणाऱ्याला आपण ठकलो असे वाटू लागते. २०१८ च्या दुरुस्तीने न्यायालयांनी विशिष्ट पूर्तता साधारणपणे द्यावी असे म्हटले. तरी खरेदीदाराने आपली तयारी सिद्ध करणे आणि मुदतीपासून तीन वर्षांच्या आत दावा करणे आवश्यकच आहे.

उतरत्या भावातही सौदे अडतात. बोस्टनमधील सदनिकांचा १९९० च्या दशकातील अभ्यास जेनेसोव्ह आणि मेयर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावे लागणारे मालक इतरांपेक्षा जास्त भाव सांगतात आणि त्यांची घरे कमी विकली जातात, असे त्यांना आढळले. विकणारा बाजाराकडे पाहून भाव सांगत नाही. आपण काय मोजले, त्याकडे पाहून सांगतो. वाडवडिलांच्या घरात तर मोजलेली किंमत आठवणींची असते. खरेदीदार भिंत पाहतो, विकणारा त्या भिंतीआड गेलेले आयुष्य पाहतो. दोघे एकाच घराचे दोन भाव सांगतात आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

७. कर्ज आणि कागद

१९७७ मध्ये एचडीएफसी आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाल्यावर गृहकर्ज हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पगारदार शिक्षकाला घर घेणे शक्य झाले ते यामुळेच. परंतु बँक म्हणजे सौद्यातील नवा मालगुजार ठरली; तिच्या होकाराशिवाय व्यवहार होत नाही. ती साखळीबद्ध दस्त मागते. आबादीतील घराकडे ते नसतात, किंवा आजोबांचे खरेदीखत असते पण त्यानंतरचे नामांतरण झालेले नसते. इसार देऊन झाल्यावर कर्ज नामंजूर होते आणि चूक कोणाचीच नसताना सौदा मोडतो.

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मालमत्तापत्रक देण्याचे काम हाती घेतले. शहरी भागासाठी ‘नक्शा’ कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील रायसेन येथे झाला. मध्य प्रदेशात नोंदणीची ‘संपदा’ ही संगणकीय व्यवस्था २०१५ पासून आणि तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ पासून आहे. यांमुळे कागदाची उणीव कमी होईल. वारसांची सहमती मात्र कोणताही ड्रोन मोजू शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सौदा मोडण्याचे ठिकाण इतिहासात सरकत आले आहे. पूर्वी तो बैठकीत, मालगुजाराच्या दारात किंवा शुफ्याच्या मागणीने मोडे. आता इसार आणि खरेदीखत यांच्यामधील काळात मोडतो. दुसरी, या मधल्या काळात मोडणाऱ्या सौद्यांची मुळे बहुतांशी इसारापूर्वीच्या दुर्लक्षात असतात: वारस मोजलेले नसतात, कागद पाहिलेले नसतात, आधी कोणी काय करायचे ते लिहिलेले नसते. तिसरी, सौदा मोडल्याचा खर्च सारखा वाटला जात नाही. सधन विकणारा दुसरा खरेदीदार शोधतो. विधवा, लहान शेतकरी आणि कर्जावर घर घेणारा नोकरदार यांचे वर्षाचे नियोजन कोसळते.

यावरून व्यवहारात उतरवण्याजोगा क्रमही मिळतो. इसारापूर्वी मृत मालकाच्या सर्व वारसांची यादी करावी आणि बहिणींसह प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. अज्ञान वारस असेल तर न्यायालयाची परवानगी आधी मागावी. इसार किती आणि हप्ता किती हे वेगळे लिहावे. कर्ज नामंजूर झाल्यास काय, पीक बुडाल्यास मुदत किती वाढेल आणि घराचा कोणता दोष विकणाऱ्याने सांगितला, हे त्याच कागदावर यावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आज्ञा आहे; १८८२ च्या कायद्याचे कलम ५५ विकणाऱ्यावर दोष सांगण्याचे बंधन घालते. दोहोंचा रोख एकाच दिशेने आहे.

महाविद्यालयात वाणिज्य, इतिहास आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांना हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला स्वतःच्या घराचे चाळीस हिस्से करायला सांगितले, किंवा घरातील जुने खरेदीखत वाचायला लावले, तर वारसा, करार आणि स्थानिक इतिहास एकाच वेळी समजतात. कदाचित त्या वहीतील हिशेबातून एखाद्या बहिणीचा हिस्सा सौद्याच्या आधी घरात बोलला जाईल; तो खरेदीदाराच्या वकिलाने दाखवून देण्यापेक्षा ते केव्हाही बरे.